वूकॉमर्स: ऑर्डर, पैसे आणि साठा यांचा मेळ बसतो का?

ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण आधी थीम बघतात. फोटो कसे दिसतात, बटण कुठे आहे, मोबाइलवर पान कसं उघडतं. हे दोन दिवसांचं काम आहे आणि नंतर केव्हाही बदलता येतं. दुकान चालायला लागलं की प्रश्न वेगळाच उरतो. ऑर्डरच्या यादीत जे दिसतंय, पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, जे जमा झालंय आणि कपाटात जो माल शिल्लक आहे, हे तिन्ही जुळतंय का? वूकॉमर्सचं हे परीक्षण त्याच कसोटीवर केलं आहे.

आधी ओळख. वूकॉमर्स हे वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग. वूथीम्स या कंपनीनं ते २०११ मध्ये आणलं आणि २०१५ मध्ये ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीनं ती विकत घेतली. परवाना जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मूळ प्लगइन फुकट, कोड सगळ्यांना खुला आणि डेटाबेस पूर्णपणे दुकानदाराच्या ताब्यात. होस्टिंग, डोमेन, गेटवेचं शुल्क आणि दर वर्षी नूतनीकरण मागणारी सशुल्क एक्स्टेन्शन्स हा खर्च वेगळा. त्याहून मोठा खर्च देखभालीच्या तासांचा, आणि तो सुरुवातीला कोणी धरत नाही. शॉपिफायसारख्या भाड्याच्या सेवेत सर्व्हर, अपडेट आणि सुरक्षा ही त्या कंपनीची जबाबदारी असते. इथे ती आपली. आठवड्यातले दोन-तीन तास या कामाला देणं जमणार नसेल आणि ते करायला दुसरं कोणी नसेल, तर वूकॉमर्स घेऊ नये.

आता एका ऑर्डरचा प्रवास जवळून बघू, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. ग्राहक ‘ऑर्डर करा’ दाबतो. त्याच क्षणी वूकॉमर्समध्ये ऑर्डर तयार होते आणि तिची स्थिती असते ‘पेंडिंग’. ग्राहक गेटवेच्या पानावर जातो, पैसे भरतो. इथून दुकानाला ‘पैसे आले’ हे कळायचे दोन मार्ग आहेत. एक, ग्राहकाचा ब्राउझर परत दुकानाच्या पानावर येतो. दुसरा, गेटवेचा सर्व्हर थेट दुकानाच्या सर्व्हरला निरोप पाठवतो. या निरोपालाच वेबहुक म्हणतात. पहिल्या मार्गावर भरवसा ठेवता येत नाही. पैसे भरले की कोणी टॅब बंद करतो, कोणाचं नेट जातं, कोणाचा फोन वाजतो. वेबहुक नीट बसवलेलं नसेल तर पैसे गेटवेकडे जमा आणि ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’मध्ये अडकलेली, अशी अवस्था होते. ग्राहकाला मेल जात नाही, तो पुन्हा पैसे भरतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते.

वेबहुक न पोचण्याची कारणं मोजकी आहेत. चाचणीच्या खात्याची गुप्त किल्ली खऱ्या खात्यात तशीच राहिलेली असते. सुरक्षेचं प्लगइन किंवा फायरवॉल गेटवेच्या सर्व्हरला बॉट समजून अडवतं. साइटला पासवर्ड लावून ‘लवकरच येत आहे’ ठेवलेलं असतं. किंवा डोमेन बदललं, पण गेटवेच्या डॅशबोर्डवर जुनाच पत्ता राहिला. तपासणीही सोपी आहे. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकची यादी असते, प्रत्येक निरोपापुढे दुकानाच्या सर्व्हरनं दिलेला उत्तराचा आकडा असतो. २०० असेल तर निरोप पोचला. ४०१ किंवा ४०३ म्हणजे कोणीतरी अडवलं. ४०४ म्हणजे पत्ता चुकला. ५०० म्हणजे निरोप पोचला, पण दुकानातला कोड कोसळला. मग वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’मधल्या ‘लॉग्ज’मध्ये त्याच मिनिटाची नोंद शोधायची. दुकान उघडण्याआधी एक चाचणी न चुकता करावी: ऑर्डर करा, पैसे भरा आणि परत येण्याआधीच टॅब बंद करा. ऑर्डर आपोआप ‘प्रोसेसिंग’मध्ये गेली पाहिजे. गेली नाही, तर दुकान उघडू नका.

दुसरा अडथळा साठ्याचा. सेटिंग्जमध्ये ‘होल्ड स्टॉक’ नावाचा आकडा असतो, मिनिटांत, आणि तो मुळात ६० असतो. पैसे न भरलेल्या ऑर्डरसाठी माल तेवढा वेळ अडवून ठेवायचा, मग ऑर्डर रद्द करून माल मोकळा करायचा, असा त्याचा अर्थ. कल्पना उत्तम आहे. मात्र काही पेमेंट पद्धतींत पैशांची खात्री व्हायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो. तोवर ऑर्डर रद्द होते, शेवटचा नग दुसऱ्याला विकला जातो आणि नंतर पहिल्याचे पैसे येतात. आता नग एक आणि दावेदार दोन. अशी संथ पद्धत वापरात असेल तर तिच्यासाठी ऑर्डर ‘ऑन होल्ड’मध्ये जाते का, हे गेटवेच्या प्लगइनमध्ये बघून घ्यावं, कारण ‘ऑन होल्ड’ झाली की साठा लगेच कमी होतो आणि ६० मिनिटांचा नियम तिला लागत नाही. एकेकच नग असलेल्या वस्तू विकणाऱ्यांनी, म्हणजे हातानं बनवलेल्या किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानदारांनी, हे आधी तपासावं.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वर्डप्रेसची वेळापत्रकाची कामं घड्याळावर चालत नाहीत. कोणी साइटला भेट दिली तरच ती सुरू होतात. नवं, शांत दुकान असेल आणि रात्रभर कोणी फिरकलंच नाही, तर ऑर्डर रद्द होत नाहीत, अडवलेला माल सुटत नाही, सवलत ठरल्या वेळी सुरू होत नाही. उपाय असा की कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सोय) बंद करायचं आणि होस्टिंगच्या पॅनलमधून सर्व्हरचं क्रॉन दर ५ मिनिटांनी लावायचं. नंतर ‘स्टेटस’मधल्या ‘शेड्यूल्ड अ‍ॅक्शन्स’मध्ये वेळ उलटून गेलेली कामं साचलेली दिसतात का, ते आठवड्यातून एकदा बघायचं. शंभरेक कामं तुंबलेली दिसली की समजावं, क्रॉन बंद पडलंय किंवा एखादं प्लगइन अडून बसलंय. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वेळक्षेत्र शहराच्या नावानं निवडावं, तासांच्या फरकानं नाही. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकतात, तिथे तासांचा फरक निवडला तर सगळ्या वेळा एका तासानं चुकतात.

रिफंडची रचना मला सगळ्यात जास्त खटकते. ऑर्डर उघडून ‘रिफंड’ दाबलं की दोन बटणं समोर येतात: एक गेटवेमार्फत परत करण्याचं, दुसरं ‘मॅन्युअली’. दुसरं दाबलं तर वूकॉमर्स फक्त वहीत नोंद करतं, ग्राहकाला पैसे जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ऑर्डरची स्थिती वरच्या यादीतून थेट ‘रिफंडेड’ केली तरी पैसे हलत नाहीत, पण स्थिती बदललेली दिसते म्हणून दुकानदार निर्धास्त होतो. मदतीला ठेवलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हा फरक दाखवून द्यावा. शिवाय माल पुन्हा साठ्यात यायला हवा असेल तर फक्त रक्कम लिहून भागत नाही. वस्तूच्या ओळीत परत आलेल्या नगांची संख्या भरावी लागते, तरच ‘रीस्टॉक’ची खूण कामाला येते. वस्तू फुटून परत आली असेल तर ती खूण आठवणीनं काढावी, नाहीतर फुटका माल विक्रीला लागतो. रिफंड केला तरी मूळ व्यवहाराचं शुल्क अनेक गेटवे परत देत नाहीत, तेवढी खोट हिशोबात धरावी.

मालाची यादी बनवायला वूकॉमर्स खरंच चांगलं आहे. साधी वस्तू, रंग-मापाच्या प्रकारांची वस्तू, डाउनलोड करायची वस्तू, सगळं मूळ प्लगइनमध्ये आहे. फक्त प्रकारांचा गुणाकार विसरू नये. ५ रंग, ६ मापं आणि २ प्रकारचं कापड म्हणजे ६० प्रकार, आणि ६० ठिकाणी किंमत, साठा, वजन आणि एसकेयू (वस्तूचा ओळख क्रमांक). ३० प्रकारांपर्यंत सगळी माहिती पानासोबतच येते, म्हणून जो प्रकार नाहीच, तो ग्राहकाच्या निवडीच्या यादीतून आपोआप गळतो. ३०च्या वर गेलं की ती माहिती प्रत्येक निवडीनंतर सर्व्हरला विचारून येते. ग्राहक सगळं निवडतो आणि मग कळतं की हा प्रकार नाही. ही मर्यादा छोट्या कोडनं वाढवता येते, पण पान जड होतं. मला वाटतं, कापडाचे दोन प्रकार दोन वेगळ्या वस्तू म्हणून मांडणं बरं. ३०-३०चे दोन संच होतात आणि शोधातही दोन पानं मिळतात.

शेकडो वस्तू एकदम चढवायच्या तर सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल) आयात भरवशाची आहे. घोळ होतो तो स्प्रेडशीटमध्ये. लांब बारकोड ती घातांकात बदलते, एसकेयूच्या सुरुवातीचं शून्य उडवते आणि फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन केली नाही तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. त्या स्तंभांना आधीच ‘मजकूर’ स्वरूप द्यावं, आधी ५ ओळींची फाइल चढवून बघावी. जुन्या वस्तूंच्या किमती बदलायच्या असतील तर आयातीच्या पहिल्याच पडद्यावर ‘असलेल्या वस्तू अद्ययावत करा’ ही खूण केलीच पाहिजे. किमती करासह लिहायच्या की कराशिवाय, हे पहिली वस्तू चढवण्याआधी ठरवा. नंतर ते सेटिंग बदललं तर आधी लिहिलेले आकडे तसेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो.

पाठवणीचे विभाग वरून खाली तपासले जातात आणि ग्राहकाचा पत्ता ज्या पहिल्या विभागात बसेल तो लागू होतो. म्हणून लहान, नेमका विभाग वर आणि मोठा खाली ठेवावा. उलटं झालं तर जवळच्या ग्राहकालाही लांबचा दर लागतो. मोफत पाठवणीची किमान रक्कम मुळात कूपनची सूट वजा करून मोजली जाते. सूट घेतली म्हणून मोफत पाठवणी गेली, आणि म्हणून कार्ट सोडून दिली, असा प्रकार इथून होतो. सूट धरण्याआधीची रक्कम मोजण्याची खूण त्याच खिडकीत आहे. वजनावर दर लावणारं एक्स्टेन्शन असेल तर एकाही वस्तूचं वजन रिकामं ठेवू नका, रिकामं म्हणजे शून्य. आणि हलक्या पण मोठ्या खोक्याला कुरिअर आकारमानाचं वजन लावतं; उशी विकणाऱ्याचा नफा काट्यावरच्या वजनाला फसून जातो.

ऑर्डरचे मेल स्पॅममध्ये जाणं ही जवळजवळ प्रत्येक नव्या दुकानाची तक्रार असते. वर्डप्रेस मुळात सर्व्हरच्या साध्या मेल सुविधेनं पाठवतं आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मेल पाठवणारी एसएमटीपी सेवा जोडा, मेल खरंच आपल्याकडून आल्याची खात्री देणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर करा, पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःच्या डोमेनचाच ठेवा. एवढं पुरतं.

गर्दीच्या दिवशी काय होतं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. वस्तूंची पानं कॅशेमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून, दिली की साधं होस्टिंगही हजारो भेटी सोसतं. कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही तीन पानं मात्र कॅशे करता येत नाहीत आणि करूही नयेत. चुकून केली तर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसते, किंवा भरलेली कार्ट रिकामी दिसते. प्लगइनमध्ये ही पानं वगळली तरी सीडीएनमध्ये (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) वेगळी वगळावी लागतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मग हिशोब साधा आहे. होस्टिंगनं ४ पीएचपी वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारे) दिले असतील आणि चेकआउटच्या एका विनंतीला २ सेकंद लागत असतील, तर सेकंदाला २ विनंत्या, मिनिटाला १२०. एक ग्राहक कार्टपासून ऑर्डरपर्यंत अशा बऱ्याच विनंत्या करतो. ६ धरल्या तर मिनिटाला २० ऑर्डर हे कमाल टोक. त्यापुढे रांग लागते आणि रांगेत ग्राहक थांबत नाही. मोठ्या सवलतीआधी वर्कर वाढवून घ्या, डेटाबेसची उत्तरं मेमरीत धरून ठेवणारं रेडिससारखं ऑब्जेक्ट कॅशे लावा, आणि जड अहवाल, आयात किंवा बॅकअप त्या तासांत चालू ठेवू नका.

ऑर्डर अचानक वाढल्या म्हणून आनंद होण्याआधी त्या कसल्या आहेत ते बघावं. काही मिनिटांत डझनावारी फसलेल्या ऑर्डर, सगळ्या सर्वांत स्वस्त वस्तूच्या, नावं अगम्य: म्हणजे कोणीतरी चोरलेली कार्डं दुकानावर तपासून बघतंय. यातून खरी विक्री होत नाही, उलट यशस्वी झालेल्या व्यवहारांवर पुढे चार्जबॅक (कार्डधारकानं बँकेमार्फत परत मागितलेले पैसे) येतात आणि गेटवे खातं गोठवू शकतो. लगेच कार्डाचं पेमेंट थोडा वेळ बंद करा, यशस्वी झालेले व्यवहार त्याच दिवशी परत करा, गेटवेला कळवा. चेकआउटच्या पानावर कॅप्चा लावणं पुरेसं नाही, कारण हे बॉट पान न उघडता थेट स्टोअर एपीआयवर, म्हणजे इतर प्रोग्रॅमसाठी असलेल्या दुकानाच्या दारावर, ऑर्डर टाकतात. मर्यादा तिथेही लागली पाहिजे.

अपडेट हा वूकॉमर्सचा कायमचा कच्चा दुवा आहे. ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत ऑर्डर वर्डप्रेसच्या लेखांच्या तक्त्यातून काढून स्वतंत्र तक्त्यांत ठेवल्या जाऊ लागल्या. बदल योग्यच होता, ऑर्डरची यादी आणि शोध त्यामुळे हलका झाला. मात्र जुन्या तक्त्यांत थेट लिहिणारी प्लगइन तिथे गप्पपणे चुकतात. पुढच्याच महिन्यात ८.३ मध्ये नव्या दुकानांचं चेकआउट ब्लॉकचं, म्हणजे वर्डप्रेसच्या नव्या संपादकातल्या तयार तुकड्यांचं, झालं, आणि चेकआउटमध्ये जादा रकाने घालणारी कित्येक जुनी प्लगइन निकामी ठरली, कारण त्यांचे हुक (कोड जोडायच्या जागा) ब्लॉकमध्ये चालतच नाहीत. रकाना दिसत नसेल तर आधी चेकआउट ब्लॉकचं आहे की जुन्या शॉर्टकोडचं (पानात लिहायच्या छोट्या संकेताचं), हे बघा. जुन्यावर परत जाता येतं.

अपडेट करताना सगळी बटणं एकदम दाबू नयेत. साइटची प्रत स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या साइटवर, घ्या, तिथे गेटवे चाचणीच्या स्थितीत टाका आणि बाहेर जाणारे मेल बंद करा. हे विसरलं तर स्टेजिंगवरून खऱ्या ग्राहकांना मेल जातात आणि दरमहा वर्गणीचं दुकान असेल तर पैसे दोनदा कापले जाण्याचा धोका असतो. एकेक प्लगइन अपडेट करून प्रत्येक वेळी एक ऑर्डर आणि एक रिफंड करून बघा. मग तीच अपडेट खऱ्या साइटवर पुन्हा करा. स्टेजिंगचा डेटाबेस खऱ्या साइटवर ढकलू नका. प्रत घेतल्यापासून आलेल्या सगळ्या ऑर्डर त्यात पुसल्या जातात. जुना बॅकअप चढवतानाही हेच होतं. चढवण्याआधी मधल्या वेळच्या ऑर्डर उतरवून ठेवा आणि गेटवेच्या यादीशी ताडून बघा. सपोर्टवाल्यांना विचारायची वेळ आली तर ‘स्टेटस’मधला सिस्टिम रिपोर्ट सोबत द्या. थीममध्ये कॉपी केलेल्या जुन्या टेम्प्लेटची यादी तिथे वेगळी दिसते आणि बिघाड पुष्कळदा तिथेच असतो.

हिशोबाच्या बाजूनं दोन गोष्टी. अ‍ॅनालिटिक्समधली ‘नेट सेल्स’ म्हणजे एकूण विक्रीतून रिफंड आणि कूपन वजा केलेला आकडा. गेटवेचं शुल्क, कुरिअरचं बिल आणि जाहिरातीचा खर्च त्यात नसतो. त्याला नफा समजून माल भरला की रोकड आटते. दुसरं, ऑर्डरचे क्रमांक सलग येत नाहीत, १०४२ नंतर १०५७ येऊ शकतो, कारण पानं, फोटो आणि वस्तूही त्याच मालिकेतून क्रमांक घेतात. बिलांना सलग क्रमांक लागत असतील तर बिलाचं वेगळं प्लगइन पहिल्या दिवसापासून लावा, मधूनच सुरू केलं तर वर्षाचा हिशोब दोन मालिकांत तुटतो. मूळ प्लगइनमध्ये ही सोय नाही, ही खरी उणीव.

आणि सोडून जायची वेळ आली तर? इथे वूकॉमर्स भाड्याच्या सेवांपेक्षा कितीतरी उजवं ठरतं, कारण डेटाबेस आपला असतो. पण क्रम पाळावा लागतो. वस्तूंची सीएसव्ही मूळ प्लगइनमधूनच निघते. तिच्यात फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात, म्हणून नव्या ठिकाणी सगळे फोटो उतरून येईपर्यंत जुनी साइट चालू ठेवा. ऑर्डर पूर्ण तपशिलासह काढायला वेगळं प्लगइन घ्या आणि एकदा डेटाबेसची पूर्ण प्रतही काढून ठेवा. ग्राहकांचे पासवर्ड सांकेतिक रूपात साठवलेले असतात, दुसऱ्या सेवेत ते सहसा चालत नाहीत. नवा पासवर्ड ठेवायची विनंती करणारा मेल आधीच लिहून ठेवा. प्रत्येक जुन्या पानाचा पत्ता नव्याकडे ३०१ नं, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याच्या निरोपानं, वळवा. आणि शेवटची रिफंडची मुदत संपेपर्यंत जुन्या साइटवरचं गेटवेचं वेबहुक काढू नका, कारण उशिरा येणारे चार्जबॅक आणि रिफंडचे निरोप त्याच पत्त्यावर येत राहतात.